निळी काच आणि वनस्पतीची वाढ : एका फसलेल्या प्रयोगाचा विचार

इ. स. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे निळ्या कागदावर निळ्याच शाईने छापलेला एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता ऑगस्टस प्लेझंटन हा सैनिकी पेशाचा गृहस्थ. सूर्यप्रकाशातील निळ्या किरणांनी वनस्पती व प्राणी यांची वाढ त्वरेने होते, असे त्याचे प्रतिपादन होते. १८६१ साली त्याने आपल्या द्राक्षगृहाच्या छपरात साध्या काचांमध्ये दर आठवी ओळ रंगीत काचेची बसविली, व पहिल्याच हंगामात वेल ४५ फुटांपर्यंत वाढले असे तो सांगतो. १८७१ मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंटही मिळविले. तुलनेसाठी निव्वळ साध्या काचेचे दुसरे द्राक्षगृह मात्र त्याने उभारले नव्हते.

१८७७ च्या सुमारास निळ्या काचेचे वेड अमेरिकेत पसरले, तेव्हा ‘सायंटिफिक अमेरिकन’ या नियतकालिकाने त्याचा समाचार घेतला. रंगीत काच प्रकाशात कशाचीही भर घालीत नाही, उलट त्यातील काही भाग हिरावून घेते, हा त्यातील मुद्दा निर्विवाद होता. परंतु प्रकाश कमी म्हणजे परिणामही कमीच, असे गृहीत धरणे म्हणजे वनस्पतीला प्रकाश केवळ अन्ननिर्मितीसाठीच लागतो असे मानणे होय. हे मत त्या काळीही अपुरे ठरले होते. जर्मनीत युलिउस झाक्स याने १८६४ सालीच दुहेरी भिंतींच्या काचपात्रांत पोटॅशियम डायक्रोमेटचे व अमोनियामिश्रित मोरचुदाचे द्रावण भरून वर्णपटाचे दोन भाग अलग केले होते. नारिंगी-पिवळ्या प्रकाशात अन्ननिर्मिती जवळजवळ पूर्ववत चाले, पण रोप प्रकाशाकडे वळत नसे. निळ्या प्रकाशात याच्या उलट घडे. प्रकाशाचा एक रंग पोषण करतो व दुसरा रूप घडवितो, हा भेद येथे प्रथम स्पष्ट दिसतो. दोन्ही पक्षांनी झाक्सचे काम नीट वाचले असते तर हा वाद फार निराळ्या पातळीवर झाला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रकाश हा संकेत आहे याचा निर्णायक पुरावा १९५२ मध्ये मिळाला. बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी लेट्यूसच्या भिजलेल्या बियांवर एक मिनिट लाल प्रकाश टाकला, तेव्हा ७० टक्के बिया रुजल्या. लगोलग चार मिनिटे दूरलाल प्रकाश दिल्यास ६ टक्केच रुजल्या. पुन्हा लाल दिल्यावर ७४ टक्के. कितीही वेळा आलटून-पालटून प्रकाश दिला तरी अखेरचा रंग कोणता, यावरच फल ठरे. एक मिनिटाच्या प्रकाशाने बियांचे पोषण झाले, असे कोण म्हणेल? यामागील रंजकद्रव्य, म्हणजेच फायटोक्रोम, १९५९ मध्ये अंधारात वाढविलेल्या मक्याच्या रोपांत प्रत्यक्ष आढळले. निळ्या प्रकाशाच्या ग्राहकांपैकी एकाचे, क्रिप्टोक्रोमचे, जनुक १९९३ मध्ये हाती आले.

दरम्यान १९५७ साली स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या भेंडातील ऊतींपासून कोंब फुटणार की मुळे, हे ऑक्सिन व कायनेटिन यांच्या प्रमाणावर ठरते असे दाखविले. त्याच वनस्पतीच्या ऊतींवर १९६९ व १९७५ मध्ये झालेल्या प्रयोगांत निळ्या प्रकाशाने कोंबांच्या निर्मितीस चालना मिळाल्याचे दिसले. यावरून प्लेझंटन खरा ठरला असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. १९७५ च्या अभ्यासात प्रकाशाचा रंग आणि तीव्रता या दोहोंचा विचार केलेला होता. द्राक्षगृहाच्या छपराने रंग, तीव्रता व उष्णता ही तिन्ही एकदम बदलली होती.

आजही पुनर्जननाच्या प्रयोगात सोयीसाठी संवर्धननळ्यांभोवती निळा सेलोफेन गुंडाळला जातो. त्यातून निळ्याबरोबर दूरलाल किरणही बहुतांशी निर्वेध पार होतात, आणि एकूण प्रकाश घटतो. असा कागद एका थरात लावला की दोन थरांत, आणि नियंत्रणनळीवर तेवढीच सावली होती की नाही, याची नोंद नसेल तर त्या नळीतील कोंब निळ्या प्रकाशाच्या नावे मांडता येत नाहीत.