रेटिनॉइक आम्ल मोडणारे घराणे

गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांतून मिळालेल्या अ जीवनसत्त्वाचा अगदी थोडा अंश शरीरात रेटिनॉइक आम्ल बनतो. हे आम्ल जनुके जागी करते. गर्भाचा मेंदू घडताना त्याची गरज असते. १९८७ साली स्ट्रासबर्गला पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत आणि त्याच वेळी कॅलिफोर्नियात रॉन इव्हान्स यांच्याकडे या आम्लाचे ग्राहक प्रथिन सापडले. हे आम्ल मोडणारे विकर सायटोक्रोम पी४५० या मोठ्या घराण्यातले असावे, एवढाच तेव्हा अंदाज होता.

स्ट्रासबर्गच्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक मार्टिन पेट्कोविच पुढे कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या गटाने झेब्राफिश घेतला. मूळचा भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला हा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा. त्याची शेपटी कापली तर पुन्हा फुटते. फुटणाऱ्या शेपटीला रेटिनॉइक आम्ल दिल्यावर कोणती जनुके जागी होतात, ते त्यांनी तपासले. १९९६ मध्ये हाती आलेले एक जनुक नेमके ते आम्ल मोडणाऱ्या विकराचे निघाले! आम्ल वाढले की तेच आपल्या नाशाचे विकर वाढवते. मला या साऱ्या कथेत हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. या विकराला पुढे सीवायपी२६ए१ म्हणू लागले.

२००० साली याच गटाला माणसात त्याचे भावंड मिळाले, सीवायपी२६बी१. प्रौढ मेंदूत ते मुख्यतः अनुमस्तिष्कात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात आढळले. तिसरे, सीवायपी२६सी१, २००४ मध्ये आले.

पण विकराची खरी किंमत कळली ती २००१ मध्ये. सीवायपी२६ए१चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भांत मागच्या मेंदूची आखणी बिघडली, काहींचा पाठीचा कणा उघडा राहिला, शेपटाकडचा भाग खुंटला. आम्ल तयार होणे जितके आवश्यक, तितकेच योग्य जागी ते नाहीसे होणे.

मुरुमांवरचे औषध आयसोट्रेटिनॉइन हे याच आम्लाचे जवळचे रूप आहे. गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात, आणि त्यात मेंदूचे व्यंगही येते. म्हणून गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ही गोळी घेऊ नका. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.