खारबांधावरची गावे आणि नवी मुंबई

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, घणसोली-तुर्भ्यापासून बेलापूर-पनवेलवरून उरणच्या टोकापर्यंत जो सखल पट्टा पसरलेला आहे, त्यातील पुष्कळशी जमीन निसर्गाने दिलेली नसून माणसांनी समुद्राकडून सोडवून घेतलेली आहे. ही गोष्ट ध्यानात न घेता नव्या मुंबईचा इतिहास लिहू गेल्यास तेथील ग्रामस्थांचा विरोध हा निव्वळ मोबदल्याचा तंटा वाटू लागतो. भरतीचे पाणी जेथे शिरत असे तेथे माती-दगडांचे बांध घालून, ओहोटीच्या वेळी आतले पाणी सोडण्यासाठी उघाड्या ठेवून आणि पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे क्षार धुऊन काढून आगरी-कराडी कुळांच्या पूर्वजांनी ही खाजणे भातशेतीजोगती केली. असा बांध एकट्यादुकट्याला राखता येत नाही. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागले आणि उधाणाच्या रात्री खांड पडली, की शेजारपाजारची सारी शेते खाऱ्या पाण्याने भरतात आणि पुढचे काही हंगाम नापीक राहतात. म्हणून हाळी येताच घरटी माणूस बांधावर उभा राहणे हा गावकीचा अलिखित कायदा होता. महसुली दफ्तरांतही या जमिनींची गणना निराळी असे. शिलोत्री नावाची एक वेगळी वहिवाट त्यांच्यापैकी काहींसाठी चालत आलेली होती, आणि खाजण लागवडीस आणणाऱ्यास आरंभीची वर्षे सारा माफ वा हलका करून देण्याचा कौल पेशवाईतही दिला जाई.

श्रम ज्यांचे, जमीन मात्र त्यांची नव्हे, ही अवस्था खोत-सावकारांच्या अमलात पुढे दीर्घकाळ टिकली. पनवेल-उरण ज्यात मोडत त्या कुलाबा जिल्ह्यातच, अलिबागेजवळच्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सहा वर्षे चालविला. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्याचे नाव कब्जेदार म्हणून सातबाऱ्यावर चढण्याचा मार्ग मोकळा झाला. पिढ्यान् पिढ्या खंडाच्या ओझ्याखाली वाकलेल्या कुटुंबांना स्वामित्वाचा हा कागद मिळून पुरती तेरा वर्षेही लोटली नव्हती, तोच 1970 साली ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 86 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याची अधिसूचना निघाली.

शहराची कल्पना वाईट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. दक्षिणोत्तर चिंचोळ्या बेटावर कोंडलेल्या मुंबईला पूर्वेकडे मोकळी वाट द्यावी, हा विचार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडला होता आणि त्यात दूरदृष्टी होती. खोट होती ती हिशेबात. मार्च 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने शहर उभारावयाचे ते मुख्यत्वे जमिनीच्याच उत्पन्नातून, म्हणजे कच्ची जमीन घ्यावयाची, तिच्यावर रस्ते-गटारे करावयाची आणि तयार भूखंड चढत्या भावाने विकून पुढचा खर्च भागवावयाचा. उलटपक्षी 1894 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत ठरे ती कलम चारच्या अधिसूचनेच्या तारखेची. ताबा आणि निवाडा कितीही लांबला तरी भाव त्या दिवशीच गोठलेला! खरेदीचा भाव मागे बांधून ठेवलेला आणि विक्रीचा पुढे धावणारा, या दोहोंमधील अंतरातून शहराचे रस्ते झाले. आणि त्याच अंतरातून शेतकऱ्यांचा असंतोषही जन्मास आला.

त्या असंतोषाला वाणी दिली ती उरण तालुक्यातील जासईचे सुपुत्र, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी व पेशाने वकील असलेले दि. बा. पाटील यांनी. त्यांच्या मागणीचे मर्म माझ्या मते असे, की आम्ही घडविलेल्या जमिनीचे पुढे जे सोने होणार आहे त्यात आमचा हिस्सा असावा. जानेवारी 1984 मध्ये दास्तान फाटा व नवघर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात केंद्राने भूसंपादन कायदा सुधारून दिलाशाची रक्कम शेकडा 15 वरून 30 केली. पण त्याहून महत्त्वाचे तत्त्व याच पट्ट्यात, पुढच्या दशकात रुजले: संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देणे. सार्वजनिक सोयींसाठीची कपात जाऊन हातात पावणेनऊ टक्केच पडतात, हे सांगताना ग्रामस्थांच्या आवाजातील कडवटपणा आजही लपत नाही. तरीही जमीन गेली म्हणजे नाते संपले, हा सरकारी सिद्धान्त तेथे प्रथम डळमळला. आणि पुढे नवी मुंबई विमानतळाच्या वेळी दहा गावांच्या विस्थापितांसाठी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले.

गावठाणे मात्र संपादनातून वगळली होती. कागदावर ही कृपाच. परंतु शेते गेल्यावर वाढत्या कुटुंबांनी पाय पसरावयाचे कोठे, याचा विचार आराखड्यात नव्हता. मुलगा कर्ता झाला की परसात किंवा गावठाणाच्या हद्दीबाहेर एक खोली वाढली, आणि ती दफ्तरी अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग त्यानंतर निवेदनांतून, मोर्च्यांतून आणि अखेर शासनाच्या निर्णयांतूनही रूढ झाला. मिठागरांत राबणारे मजूर, खाडीवर जाळे टाकणारे कोळी आणि गावकीचे बलुतेदार यांची अडचण तर त्याहून मूलगामी होती. बांध पडला की तेही धावत असत. पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, आणि साडेबारा टक्के काढावयाचे ते नावावरच्या जमिनीचे.