वृद्धांची मिळकत आणि वारसांचा अधिकार

घरातील कर्त्या माणसाची स्मृती वार्धक्याने ढळली, अथवा पक्षाघाताने त्याची शुद्ध हरपली, म्हणजे त्याच्या औषधोपचारासाठी त्याच्याच पैशाला हात लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एकाएकी उभा राहतो. अशा वेळी आधी करून ठेवलेले कुलमुखत्यारपत्रही उपयोगी पडत नाही. कारण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मालकाची बुद्धी भ्रष्ट होताच मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो.

कौटिल्याने निराधार वृद्धांच्या आणि व्याधिग्रस्तांच्या पोषणाचा भार राजावर टाकला होता. पुढे कंपनीचा अंमल मावळत असताना, १८५८ साली, पस्तिसाव्या कायद्याने अशा माणसांच्या मिळकतीची तजवीज जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडे आली, आणि १९१२ च्या कायद्याने तीच पद्धती पुढे चालवली. नातलगाने अर्ज करावा, न्यायाधीशाने चौकशी करावी, आणि मग मिळकतीवर व्यवस्थापक व देहाच्या सांभाळासाठी पालक नेमावा, असा तो क्रम होता. केवळ वयोमानाने क्षीण झालेल्या वृद्धावरही वेडेपणाचा शिक्का बसे, हे त्या कायद्याचे क्रौर्य खरेच. परंतु त्याच कायद्यात एक अट अशी होती की, तिच्यासाठी त्याच्या कर्त्यांविषयी आदर वाटावा. ज्याला रुग्णाच्या मृत्यूने वारसा मिळणार, त्याला त्याच्या देहाचा पालक नेमू नये, आणि नेमणे रुग्णाच्या हिताचेच असेल तर न्यायालयाने त्याची कारणे लेखी नमूद करावीत! व्यवस्थापकालाही सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी दाखल करावी लागे आणि दरसाल हिशेब द्यावा लागे.

१९८७ च्या कायद्याने ही व्यवस्था राखली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाचे स्वत्व मान्य करण्याचे मोठे कार्य केले, पण मिळकतीच्या व्यवस्थेचे प्रकरण त्यातून गळले. तेव्हापासून बेशुद्धावस्थेतील रुग्णांचे नातलग घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार ठोठावतात. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा अर्जांसाठी वैद्यकीय तपासणी, महसुली चौकशी आणि दर सहा महिन्यांचा अहवाल असे नियम घालून दिले, हे उत्तमच झाले. तथापि पूर्वी जे काम जिल्ह्याच्या ठिकाणी होई, त्यासाठी आता गडचिरोलीच्या कुटुंबाला, रुग्ण अंथरुणावर असताना, नागपूर गाठावे लागते. हा अधिकार, वारसाविषयीच्या त्या जुन्या अटीसह, जिल्हा न्यायालयाकडे परत यावा, असे मला मनापासून वाटते.