कुमार क्रिकेट संघ, भारतीय

एकोणीस वर्षांखालील होतकरू क्रिकेटपटूंचा भारताचा राष्ट्रीय संघ. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या कनिष्ठ निवड समितीकडून या संघाची निवड होते. शालेय व जिल्हा पातळीवरील क्रिकेट आणि वरिष्ठ राष्ट्रीय संघ यांना जोडणारी पायरी, असे त्याचे स्थान आहे. जागतिक कुमार स्पर्धेत तो अत्यंत यशस्वी ठरला असला, तरी त्याचे मूळ प्रयोजन करंडक जिंकणे हे नसून वरिष्ठ संघासाठी खेळाडू घडविणे हे होय. मोठ्या शहरांबाहेरील, उदा., सोलापूर, बीड, जालना यांसारख्या जिल्ह्यांतील, मुलांना ही पायरी कितपत गाठता येते, या प्रश्नाशी त्याचा इतिहास निगडित आहे.

पूर्वपीठिका : स्वतंत्र कुमार संघ अस्तित्वात येण्यापूर्वी तरुण खेळाडूंची पारख मुख्यत्वे शाळा व विद्यापीठे यांच्या सामन्यांतून होत असे. आंतरविद्यापीठीय स्पर्धेसाठी रोहिंटन बारिया करंडक, तर शालेय क्रिकेटसाठी कूचबिहार करंडक ठेवण्यात आला. परदेशी संघ भारतात आला, की त्याचा एक सामना बहुधा संयुक्त विद्यापीठ संघाशी होई आणि त्यातील कामगिरीकडे निवड समितीचे लक्ष असे. या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे सोलापूर येथे जन्मलेले पॉली उम्रीगर (२८ मार्च १९२६–७ नोव्हेंबर २००६). सोलापूरच्या एका पारशी व्यापारी कुटुंबातील उम्रीगर तरुण वयातच मुंबईस गेले. वेस्ट इंडीजच्या १९४८ मधील दौऱ्यात संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच वर्षी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर त्यांचे कसोटी पदार्पण झाले. पुढे ५९ कसोटी सामन्यांत त्यांनी १२ शतकांसह ३,६३१ धावा केल्या. न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद येथे १९५५ मध्ये केलेल्या २२३ धावा हे भारतीय खेळाडूचे पहिले कसोटी द्विशतक होय. उम्रीगर यांची वाट सोलापुरातून नव्हे, तर मुंबईतील क्लब, पंचरंगी सामने व विद्यापीठ यांमधून गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलास गाव सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

भारतीय शालेय संघाने १९६७ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. सय्यद किरमाणी व सुरिंदर अमरनाथ हे पुढे कसोटी खेळाडू झालेले क्रिकेटपटू त्या संघात होते. विद्यार्थिदशेतील खेळाडूंना परदेशी खेळपट्ट्या व हवामान यांचा अनुभव देण्याची कल्पना या दौऱ्यामुळे रुजली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एकोणीस वर्षांखालील संघांमध्ये अधिकृत सामने होऊ लागले आणि त्यांतून आजच्या कुमार संघाचे स्वरूप सिद्ध झाले.

रचना व निवड : संघाचा पाया देशांतर्गत वयोगटांच्या स्पर्धा हा आहे. सोळा वर्षांखालील गटासाठी विजय मर्चंट करंडक असून, एकोणीस वर्षांखालील गटात बहुदिवसीय सामन्यांसाठी कूचबिहार करंडक व मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठी विनू मंकड करंडक आहे. या स्पर्धांत राज्य क्रिकेट संघटनांचे संघ भाग घेतात. महाराष्ट्र राज्यात अशा तीन संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि उर्वरित प्रदेशासाठी महाराष्ट्र क्रिकेट संघटना. सोलापूर जिल्हा या तिसऱ्या संघटनेच्या कक्षेत येतो. जिल्हा संघ, राज्याचा कुमार संघ, निवड चाचणीचे सामने व शिबिरे आणि शेवटी राष्ट्रीय कुमार संघ, असा हा क्रम आहे. बंगळुरू येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीमुळे निवडक खेळाडूंना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, व्यायाम व दुखापतींवरील उपचार एकाच ठिकाणी मिळू लागले.

वयाची अट हा या गटाचा पाया असल्याने वय चोरण्याचा गैरप्रकार ही त्याची जुनी व्याधी ठरली. एखादा मोठा मुलगा लहान म्हणून खेळला, की खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते व निवडीचे गणितच चुकते. यावर उपाय म्हणून मंडळाने मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविण्याची टॅनर–व्हाइटहाउस पद्धती सोळा वर्षांखालील गटासाठी अवलंबिली. २०२० मध्ये वयाची खोटी नोंद स्वतःहून कबूल करणाऱ्या खेळाडूंना माफी देण्याची योजनाही जाहीर करण्यात आली.

विश्वचषक स्पर्धा : कुमार गटाची पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियात १९८८ मध्ये झाली. भारतास तीत उपांत्य फेरी गाठता आली नाही. तथापि प्रवीण आमरे, नयन मोंगिया, वेंकटपती राजू यांसारखे पुढील काळातील कसोटीपटू त्या संघात होते. १९९८ पासून ही स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागली. २०२४ पर्यंतच्या पंधरा स्पर्धांपैकी नऊ स्पर्धांत भारताने अंतिम फेरी गाठली आणि २०००, २००८, २०१२, २०१८ व २०२२ अशी पाच वेळा अजिंक्यपद मिळविले.

पहिले विजेतेपद मोहम्मद कैफ याच्या नेतृत्वाखाली कोलंबो येथे यजमान श्रीलंकेस सहा गडी राखून हरवून मिळाले. युवराजसिंग स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. या दोघांनीच २००२ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध ३२६ धावांचे लक्ष्य गाठताना निर्णायक भागीदारी केली आणि कुमार संघाची उपयुक्तता सर्वमान्य झाली. २००८ मध्ये विराट कोहलीच्या संघाने क्वालालंपूर येथे दक्षिण आफ्रिकेस नमविले. रवींद्र जडेजा त्या संघात होता. २०१२ मध्ये टाउन्सव्हिल येथील अंतिम सामन्यात कर्णधार उन्मुक्त चंद याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११ धावा काढल्या. २०१८ चा विजय पृथ्वी शॉच्या, तर २०२२ चा यश धूलच्या नेतृत्वाखाली संपादन करण्यात आला. पराभवही उद्‌बोधक आहेत : २००६ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या १०९ धावांना उत्तर देताना रोहित शर्मा, चेतेश्वर पुजारा व जडेजा ज्यात होते तो संघ अवघ्या ७१ धावांत गारद झाला. एका सामन्याच्या निकालावरून खेळाडूंचे भवितव्य ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

२०१५ पासून राहुल द्रविड यांच्याकडे कुमार व भारत ‘अ’ या संघांचे प्रशिक्षण आल्यावर खेळाडू घडविण्याच्या हेतूस पुन्हा प्राधान्य मिळाले. एका खेळाडूने एकदाच कुमार विश्वचषक खेळावा, असा दंडक घालण्यात आला. त्यामुळे अधिक मुलांना संधी मिळाली व यशस्वी मुलांना त्याच गटात न रेंगाळता प्रथम श्रेणी क्रिकेटकडे वळावे लागले. २०१८ च्या विजयानंतर प्रशिक्षकास ५० लाख व साहाय्यकांस २० लाख रुपये बक्षीस जाहीर झाले, तेव्हा द्रविड यांनी सर्वांस समान रक्कम मिळावी असा आग्रह धरला आणि प्रत्येकास २५ लाख रुपये देण्यात आले.

महाराष्ट्र व सोलापूर : मुंबईबाहेरील महाराष्ट्राचा या संघातील वाटा एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ठळक झाला. जालन्याच्या विजय झोल याने कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ च्या विजेत्या संघात तो होता व २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील स्पर्धेत तो भारताचा कर्णधार झाला. २०२२ च्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक पुण्याचे हृषीकेश कानिटकर होते. १९९८ मध्ये ढाका येथे पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेल्या विजयी चौकारामुळे ते मराठी रसिकांना सुपरिचित आहेत. त्या संघात तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगर्गेकर, तसेच विकी ओस्तवाल व कौशल तांबे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते.

सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी (जन्म १५ फेब्रुवारी २००५) हा सलामीचा फलंदाज व मध्यमगती गोलंदाज. प्रशिक्षणासाठी त्यास पुण्यास जावे लागले. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकच्या संघाकडून त्याने एकाच सामन्यात ५४ चेंडूंत ११७ धावा व चार बळी अशी अष्टपैलू कामगिरी केली. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या २०२४ च्या कुमार विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध १०८ धावा काढल्या. याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताची अवस्था ४ बाद ३२ अशी असताना बीडचा सचिन धस (९६) व कर्णधार उदय सहारन (८१) यांनी १७१ धावांची भागीदारी करून विजय खेचून आणला. अंतिम सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाने भारताचा ७९ धावांनी पराभव केला. याही संघाचे प्रशिक्षक कानिटकरच होते.

त्याच सुमारास, जानेवारी २०२४ मध्ये, सोलापूरच्या इंदिरा गांधी क्रीडांगणावर, म्हणजे शहरवासीयांच्या पार्क मैदानावर, महाराष्ट्र व मणिपूर यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. तब्बल २९ वर्षांनी शहरात रणजी सामना होत होता. मधल्या काळात तेथील किमान एका पिढीने आपल्या गावी प्रथम श्रेणीचा खेळ पाहिलाच नव्हता. मुलांच्या घडणीत प्रशिक्षणाइतकेच उत्तम खेळ जवळून पाहण्यास महत्त्व असते. त्या दृष्टीने या सामन्याचे मोल धावफलकापुरते मर्यादित नाही.

महिला संघ : एकोणीस वर्षांखालील महिलांची पहिली जागतिक स्पर्धा वीस षटकांच्या सामन्यांच्या स्वरूपात २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाली. शेफाली वर्माच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवून ती जिंकली. २०२५ मध्ये मलेशियात निकी प्रसादच्या संघाने दक्षिण आफ्रिकेस नऊ गडी राखून नमवून अजिंक्यपद राखले. त्यापूर्वीच्या पिढीतील मुलींना अशी पायरी उपलब्ध नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील मिरे या गावची किरण नवगिरे (जन्म १९९४) विद्यार्थिदशेत भालाफेक व गोळाफेक यांत चमकली; चामडी चेंडूच्या क्रिकेटकडे ती विशीनंतर वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिने नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात तिला भारताकडून वीस षटकांचे आंतरराष्ट्रीय सामने खेळावयास मिळाले. कुमार गटाचा तिच्या घडणीशी काहीही संबंध आला नाही.

मूल्यमापन : कुमार संघातून वरिष्ठ संघापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या मर्यादित असते. उन्मुक्त चंद भारताच्या वरिष्ठ संघात कधीच खेळू शकला नाही व पुढे अमेरिकेस गेला. उलटपक्षी १९९९ च्या अखेरीस झालेल्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात पंजाबकडून ३५८ धावा करणाऱ्या युवराजची कुमार विश्वचषकासाठी निवड झाली, तर त्याच सामन्यात बिहारकडून ८४ धावा काढणारा महेंद्रसिंग धोनी मागे राहिला. दिलीप वेंगसरकर यांच्या अध्यक्षतेखाली २००२ मध्ये स्थापन झालेल्या गुणवत्ता शोध विभागाने लहान शहरांत निरीक्षक पाठविले, तेव्हा एकोणीस वर्षांची मर्यादा ओलांडलेल्या धोनीसाठी अपवाद करण्यात आला. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने २०११ चा विश्वचषक जिंकला.

कुमार संघ ही भारतीय क्रिकेटची एक समर्थ पायरी असली, तरी गुणवत्ता नेहमीच नेमक्या वयात व नेमक्या गावी प्रकट होत नाही. उम्रीगर यांना सोलापूर सोडून मुंबईस जावे लागले, कुलकर्णीस पुणे गाठावे लागले आणि नवगिरेस परराज्याच्या संघातून पुढे यावे लागले. पाऊण शतकात वाट रुंदावली. परंतु तिचा आरंभ अजूनही बहुधा जिल्ह्याबाहेर होतो. जिल्हा पातळीवर मैदाने, खेळपट्ट्या, प्रशिक्षक व नियमित सामने उपलब्ध होणे आणि वयाची मर्यादा ओलांडलेल्यांसाठीही एखादे दार उघडे असणे, यांवर या संघाच्या कार्याची व्याप्ती अवलंबून आहे.