बनगावचं पिंप

जून १९७१ संपत आलाय. पूर्व पाकिस्तानच्या हद्दीलगत, पश्चिम बंगालमधल्या बनगावात तुम्ही उभे आहात. जेसोर रस्त्याने निर्वासितांचा लोंढा येतोच आहे, आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही.

रुग्णालयाच्या दोन खोल्या पटकीच्या रोग्यांनी भरल्यात. खाटा पुरल्या नाहीत, म्हणून बाकीचे जमिनीवर. सलाइन लावायचं तर गुडघे टेकावे लागतात, आणि टेकाल तिथे उलटी नाहीतर जुलाब. तुम्ही एकाची कातडी चिमटीत धरून सोडता. ती तशीच उभी राहते. डोळे खोल गेलेत, नाडी लागत नाही. अशा रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं. सलाइनच्या बाटल्या संपत आल्यात, ती लावू शकणारे हात तर त्याहून कमी.

कलकत्त्यातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस इथे आलेत. त्यांच्या केंद्राच्या ग्रंथालयात पाकिटं भरली जातात आणि गरम इस्त्रीनं बंद होतात. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तुम्ही पाकीट फाडून पिंपात रिकामं करता, ढवळता. खाली तोटी आहे.

जो ओकतोय त्यालाच आणखी पाजायचं? तुम्हाला पटत नाही. पण पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर काढत असलं, तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत घेणारी वाट शाबूत असते, आणि मिठामागे पाणी जातं. ढाक्यात १९६८ सालीच हे रोग्यांवर सिद्ध झालंय, पण तिथे देखरेखीला प्रशिक्षित माणसं होती. इथे देखरेख करणार कोण?

आई. ती समोरच बसलीय, मांडीवर पोर घेऊन. तुम्ही पेला तिच्या हाती देता आणि खुणेनं सांगता: घोटभर पाज, ओकलं तर थांब, पुन्हा पाज. अगदीच गळाठलेल्यांना आधी शिरेतून सलाइन. बाकीचे सगळे पिंपावर. संध्याकाळी तिचं पोर लघवी करतं. या खोलीत याहून चांगली बातमी नसते.

आठ आठवड्यांत ३,७०० हून जास्त रोग्यांवर उपचार झाले. आधी पटकीच्या शंभरांतले सुमारे तीस दगावत होते. इथे ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर.

आता परत या. आपल्या आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पुडी मिळते, तिची खरी कसोटी बनगावात लागली. महालनबीसांचं मोठेपण केवळ मीठ-साखरेच्या मापात नाही. निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर कमीच पडणार हे त्यांनी मान्य केलं आणि उपचार आईच्या हाती सोपवला. आजही एखाद्या छावणीला मदत पाठवताना औषधांच्या खोक्यांआधी एवढं विचारा: तिथल्या आयांना शिकवायला कोण गेलंय?