आवाजाची पोच

रेडिओवर बोलायला बसलं की समोर माणूस नसतो. काचेपलीकडून खूण होते, लाल दिवा लागतो आणि आपण मायक्रोफोनकडे बघून बोलू लागतो. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. तेव्हापासून इथे बोलून गेलेल्यांना आपलं बोलणं कुणापर्यंत गेलं, हे कळायचं ते श्रोत्यांच्या पत्रांतून. मुशायऱ्यात तसं नसतं. दाद तिथल्या तिथे मिळते. मिळाली नाही तर तेही तिथल्या तिथेच कळतं.

आज मला अशा लोकांविषयी बोलायचं आहे, ज्यांनी आपला आवाज पोचल्याची लेखी पावती घेण्याची रीत घातली आणि ती शंभराहून अधिक वर्षं चालवली. हे लोक म्हणजे हौशी रेडिओवाले. त्यांना 'हॅम' म्हणतात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरात स्वतःचं प्रक्षेपण यंत्र मांडायचं, गच्चीवर अँटेना उभारायची आणि जगाच्या पाठीवरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं. त्यात कमाई नाही. धंद्यासाठी हा परवाना वापरायला बंदीच आहे. आपल्या देशात पहिला हौशी परवाना १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळाला. प्रत्येक हॅमला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळतं आणि १९२९ पासून भारतीयांची ही नावं 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात.

तारायंत्राच्या काळात वेळ वाचावा म्हणून तीन-तीन अक्षरांच्या खुणा ठरवल्या गेल्या. त्यातली एक 'क्यूएसएल'. अर्थ असा की, तुमचा निरोप मिळाला, त्याची पोच देतो. पुढे हॅम मंडळी ही पोच पोस्टकार्डावर लिहून टपालाने पाठवू लागली. आजवर माहीत असलेलं असं सर्वांत जुनं कार्ड १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोहून फिलाडेल्फियाला गेलं. कार्डावर दोघांची सांकेतिक नावं, तारीख, वेळ, कंपनसंख्या आणि आवाज किती स्पष्ट आला याचे आकडे. उरलेल्या जागेत माणूस आपल्या हाताने चार ओळी लिहितो. यंत्र कोणतं, तार कुठून कुठे बांधली आहे, बाहेर बर्फ पडतो आहे, घरी मुलगी झाली आहे, असं काहीही.

पुणेकराला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. आपल्या पेशवे दफ्तरातली पत्रं पाहा. आपलं पत्र आलं ते पावलं, लिहिला मजकूर कळला, असं आधी सांगायचं; मग आलेल्या पत्रातली मुख्य कलमं पुन्हा मांडायची; आणि त्यानंतर आपलं म्हणणं. वाचताना वाटतं, ही पुनरुक्ती कशाला? पण जासूद वाटेत मारला जाण्याचा, नदीला पूर येण्याचा, थैली शत्रूच्या हाती पडण्याचा तो काळ. पोच आली नाही तर पत्र गेलं असं धरताच येत नव्हतं. आज इतिहास अभ्यासकांना त्या पुनरुक्तीचा मोठाच उपयोग होतो. मूळ पत्र हरवलेलं असतं, पण त्याचा मजकूर उत्तरात सापडतो.

तारखेचं पाहा. मराठी कागदांत चांद्र तारखेआधी 'छ' हे अक्षर येतं, म्हणजे चंद्र. त्यापुढे रबिलावल, जमादिलाखर, साबान असे महिने. हे महिने मी घरात ऐकतच मोठा झालो. आमच्याकडे दिवस सूर्यास्ताला उलटतो. गुरुवारी संध्याकाळी जुम्याची रात्र सुरू होते. तेव्हा एखादी घटना रात्री घडली असेल, तर तारखांचा मेळ घालताना अभ्यासकाला जपून चालावं लागतं. हॅमच्या कार्डालाही हीच अडचण. सगळ्या जगाने एकच वेळ लिहायची म्हणून ते ग्रीनिचची वेळ लिहितात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. पुण्यात पहाटे चारला झालेलं बोलणं कार्डावर आदल्या तारखेला रात्री साडेदहाचं होतं. नव्या हॅमची कार्डं तारीख जुळत नाही म्हणून परत येतात, त्यामागे बहुतेक वेळा हे साडेपाच तासच असतात.

अशा कार्डांतून राजकीय इतिहासही वाचता येतो. जगातल्या किमान शंभर देशा-प्रदेशांशी बोलल्याचा पुरावा दिला की अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था मानपत्र देते. त्यासाठी तिने प्रदेशांची यादी केली आहे. आज त्या यादीत ३४० नावं आहेत. त्यांत भारताची तीन, कारण अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप वेगळे मोजले जातात. पण याच यादीला जोडून एक दुसरी यादी आहे, रद्द झालेल्या प्रदेशांची. तिच्यात गोवा आहे. पोर्तुगीज अमलात तिथली सांकेतिक नावं 'सीआर ८'ने सुरू होत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर हॅमच्या हिशेबात तो वेगळा प्रदेश राहिला नाही. १९७५ साली सिक्कीमचंही तसंच झालं. एखाद्या परदेशी म्हाताऱ्याच्या खोक्यात १९५० च्या दशकातलं गोव्याचं कार्ड असेल, तर संपलेल्या सत्तेचा तो हातभर अंतरावरचा पुरावा आहे.

आता याच इतिहासातली एक उलटी गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला. महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, सरकारने हौशी परवाने थांबवले होते. पण यंत्रं जाणणारी माणसं शहरात होती. नरिमन प्रिंटर या हॅमचं ज्ञान तिथे कामी आलं. हा रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलायचा आणि आपण 'हिंदुस्थानात कुठून तरी' बोलतो आहोत एवढंच सांगायचा. त्याला पोच कोण देणार? पत्र लिहायला पत्ता नव्हता आणि लिहिणारा तुरुंगात गेला असता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून तो बंद केला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात काढली. पण त्या रेडिओवर काय बोललं गेलं, त्यातलं बरंच आज वाचायला मिळतं. कारण पोलीस रोज ऐकून ते टिपून ठेवत होते. ते कागद सरकारी दफ्तरात राहिले. ज्या आवाजाला एकाही श्रोत्याची पोच मिळू शकत नव्हती, त्याची पोच त्याला गप्प करायला निघालेल्यांनीच लिहून ठेवली.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, महूच्या सिग्नल्स स्कूलमध्ये हॅम लोकांची संस्था निघाली. ती पुढे दिल्लीला गेली आणि अ‍ॅमेच्योर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. अशा राष्ट्रीय संस्थांनी कार्डांसाठी एक सोय केली. सभासदांची कार्डं गोळा करायची, देशवार गठ्ठे बांधायचे, तिकडच्या संस्थेला एकदम पाठवायचे आणि तिने ती वाटायची. खर्च वाचे, पण कार्ड यायला वर्ष-दोन वर्षं सहज लागत. घाई असलेला माणूस थेट पाकीट धाडी आणि उत्तराच्या टपालखर्चापोटी आत आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन किंवा एखादी डॉलरची नोट ठेवी. अशी पाकिटं वाटेत फोडली जात. म्हणून पाकिटावर सांकेतिक नाव घालू नये, आत पैसे असल्याचं चोराला कळतं, असं जुनेजाणते नव्यांना बजावत.

मग इंटरनेट आलं. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकन लीगने 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' सुरू केलं. त्यात कार्ड नाही. दोघांनीही आपापल्या वहीतली नोंद डिजिटल सहीनिशी पाठवायची. सांकेतिक नावं, पट्टा आणि बोलण्याची पद्धत जुळली, वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नसला, की भेट झाली असं संगणक मान्य करतो. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची नोंद आधी दिसत नाही. मी इतिहास आवडीने वाचणारा माणूस आहे आणि मला हे फार पटलं. एकमेकांना न विचारता दिलेल्या दोन साक्षी जुळल्या तर घटना खरी, ही तर इतिहासाचीच कसोटी. कागदी कार्डाला ती लागू करता येत नव्हती. ओळखीच्या माणसाने भिडेखातर एखादं कार्ड लिहून दिलं, तर ते पकडणार कोण?

पैशाचाही विचार केला पाहिजे. मिळालेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायचं, ते छापून घ्यायचं आणि वर परदेशी टपालाचा खर्च, हा शौक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला झेपणारा नाही. आता त्याला संध्याकाळी केलेल्या संपर्काची पोच रात्रीच मिळू शकते. कार्ड गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांनी या मुलाकडे आधी बघावं.

तरीही गेलं ते काय गेलं, हे नीट पाहायला हवं. आवाज किती स्पष्ट आला ते आकडे संगणक जुळवून बघत नाही. त्याला त्यांची गरज नाही. हाताने लिहिलेल्या चार ओळींची तर नाहीच नाही. २०१७ पासून एक नवी संगणकी पद्धत लोकप्रिय झाली आहे. तिच्यात पंधरा-पंधरा सेकंदांचे संदेश जातात आणि मिनिटा-दीड मिनिटात संपर्क पुरा होतो. समोरच्याचं नावही विचारलं जात नाही. भेट झाल्याचा पुरावा पक्का असतो, आणि कोण भेटलं ते कळलेलंच नसतं.

पक्का म्हणतो, पण तोही एका ठिकाणी ठेवलेला. मे २०२४ मध्ये लीगच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. जगभरच्या हॅम लोकांचं हे लॉगबुक दीड महिना बंद राहिलं आणि १ जुलैला परत उघडलं. नोंदी शाबूत निघाल्या, हे नशीब. कागद तेवढा अमर, असंही मी म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांतली पुस्तकं आणि कागदपत्रं चिखलात गेली, हे पुण्याला सांगायला नको. फरक एवढाच की पूर आपल्या गावात येतो, वाळवी आपल्या माळ्यावर लागते आणि वाचवायला आपण तिथे असतो.

निदान असायला हवं. मी बुधवार-रविवारी जुन्या बाजारात रेंगाळतो. शेराची जुनी पुस्तकं कधी कधी हाती लागतात. एका रविवारी एका गाड्यावर बुटाच्या खोक्यात अशी कार्डं दिसली. १९६०-७० च्या दशकांतली, सगळी पुण्यातल्या एकाच सांकेतिक नावाला आलेली. जपानची, झेकोस्लोव्हाकियाची, सोव्हिएत रशियाची. रशियन कार्डांवर माणूस कुठलाही असो, पत्ता एकच: मॉस्को, पेटी क्रमांक ८८. त्या देशातल्या सगळ्या हॅमचं टपाल त्या एका पेटीतून जात-येत असे. तो नियमही त्या काळाचाच कागद. गाडीवाला तरुण म्हणाला, "चाचा, यांच्यावर तिकिटंच नाहीत. तिकिटं जमवणारे बघून परत ठेवतात." खरंच होतं. ती संस्थांच्या गठ्ठ्यांतून आली होती, तिकीट कुठून असणार? तिकीट नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून रद्दी. खोकं मी घेतलं. एका कार्डामागे निळ्या शाईत लिहिलंय की, तुमचा आवाज फार मंद होता, पण तुम्ही सावकाश बोललात म्हणून नाव कळलं, आभार.

हे वाक्य कुठल्याही यादीत जुळवून बघण्यासारखं नाही. पण १९६०-७० च्या दशकांत पुण्यातला एक माणूस घरच्या यंत्रावरून परक्याशी कसा बोलत होता, हे जाणून घ्यायला मला दुसरा कागद सापडलेला नाही. व्हिएन्नात रेडिओच्या कागदपत्रांचं एक संग्रहालय आहे, त्यांनी लाखो कार्डं जपली आहेत. आपल्याकडे भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून लोकांच्या माळ्यांवरचे मोडी कागद गोळा केले, म्हणून अठराव्या शतकातली साधी माणसं आपल्याला भेटतात. विसाव्या शतकातली माणसं भेटायची तर त्यांचेही कागद राहिले पाहिजेत.

हॅम मित्रांनो, मोजणी संगणकावर खुशाल करा. त्याला तोड नाही. पण नव्या माणसाशी पहिल्यांदा बोलाल, तेव्हा एक कार्ड हाताने लिहून पाठवा, निदान वर्षातून पाच-दहा. आणि ज्यांच्या घरात असा छंद असलेले आजोबा, काका होऊन गेले, त्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत बुटाचं खोकं रद्दीत घालण्याआधी उघडून बघावं. वर कोपऱ्यात 'व्हीयू'ने सुरू होणारं नाव असेल, तर ती कार्डं वजनावर विकू नका. शहरातल्या एखाद्या हॅमला, ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला विचारा. कुणीच घेतली नाहीत, तर निदान एकदा मुलांना वाचून दाखवा आणि कार्ड कुणी, कुठून पाठवलं होतं ते त्यांना नकाशावर शोधायला लावा.