फोन टॅपिंग, भारतातील कायदेशीर नियंत्रण

दहशतवादी कट व गंभीर गुन्हे रोखण्यासाठी सरकारने नागरिकांची दूरध्वनीवरील संभाषणे त्यांच्या नकळत ऐकणे, आणि या अधिकाराला घातलेल्या मर्यादा. हा अधिकार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) मधून आला. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला गरज असेल तरच तो वापरता येई. पण आदेश कोणी व कसा काढावा, याचे नियम शंभर वर्षांत कोणी केले नाहीत.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात भरून काढली. फोनवरील बोलणे खासगी आयुष्यात मोडते, ते ऐकल्याने संविधानाच्या अनुच्छेद २१ चा (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा) भंग होऊ शकतो, असे ठरवून न्यायालयाने बंधने घातली : आदेश गृहसचिवांचा हवा, मुदत दोन महिने व कमाल सहा महिने, शिवाय आढावा समिती. न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीची मागणी मात्र फेटाळली गेली. कायद्यात तशी तरतूदच नव्हती. २००७ मध्ये तार नियमावलीतील नियम ४१९-अ ने ही चौकट पक्की केली.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात टॅपिंगची स्वतंत्र कलमे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. टॅपिंगच्या आदेशाची प्रत आरोपीला खटल्याच्या दहा दिवस आधी मिळाली पाहिजे, ही त्यातील अट तार अधिनियमापेक्षा कडक आहे. संसद हल्ला खटल्यात तर नियम मोडून मिळवलेले संभाषणही पुरावा म्हणून चालते, असे २००५ मध्ये ठरले होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरातच संसदेने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात दुरुस्ती केली. संगणकीय संदेशांसाठीच्या तिच्या कलम ६९ मध्ये आणीबाणीची किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची पूर्वअट नाही. कोणत्याही गुन्ह्याचा तपास हेही कारण पुरते. दूरध्वनीपुरती जुनी अट टिकून होती. म्हणूनच २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचप्रकरणातील तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली.

खरी अडचण आढाव्यात आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या केंद्रीय समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. इतके आदेश वाचूनही होणार नाहीत, तपासणे दूरच. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील डिसेंबर २०२४ च्या नियमांनी ४१९-अ ची जागा घेतली. समितीत मात्र अजूनही केवळ सरकारी सचिवच बसतात.